प्राचीन चीनमध्ये "सगळे गारव्यात" राहायचे? फॉरवर्डमधला एकेक दावा तपासून बघू

दर उन्हाळ्यात एक मेसेज परत फिरायला लागतो, आता तर त्याचं रीलही झालंय. मजकूर साधारण असा: चीनमध्ये २४०० वर्षांपूर्वी फ्रिज होता आणि २००० वर्षांपूर्वी एसी, सोऱ्यापासून (बंदुकीच्या दारूत घालतात तो क्षार) ते लोक भर उन्हाळ्यात बर्फ बनवायचे, आइस्क्रीम त्यांनीच शोधलं आणि मार्को पोलोने ते इटलीला नेलं, घरं अशी बांधायचे की गरमी आत शिरायचीच नाही, त्यामुळे राजापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे गारव्यात राहायचे आणि उष्माघाताने कोणी मरायचं नाही. आणि शेवटची ओळ, आपणच नाजूक झालोय, एसी बंद करा.

यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी काहीतरी खरं आहे, म्हणून तो पटतो. माझा राग तपशिलाच्या चुकांवर कमी आहे. पंखा फिरवणारा, गोठलेल्या नदीवर बर्फ कापणारा आणि दुपारच्या उन्हात कापणी करणारा माणूस यातून साफ गायब केलाय, राग त्याचा आहे. आणि ही माणसं वगळली तर प्राचीन चीनचा उन्हाळा कळतच नाही.

"२४०० वर्षांपूर्वीचा फ्रिज." वस्तू अगदी खरी आहे. १९७८ मध्ये हुबेई प्रांतात झंग नावाच्या छोट्या राज्याचा राजा यी याची कबर उघडली, इसवी सनपूर्व ४३३ च्या आसपासची. त्यात ब्राँझची दोन चौकोनी भांडी निघाली, प्रत्येक दीडशे किलोच्या वर. मोठ्या भांड्याच्या आत दुसरं भांडं, मधल्या जागेत बर्फ आणि आतल्यात दारू. कारागिरी बघून थक्क व्हायला होतं, आतलं भांडं हलू नये म्हणून तळाशी अडकवायची सोयसुद्धा आहे. पण हे राजाची दारू गार करायचं भांडं आहे, कुणाच्या घरातला फ्रिज नाही. आणि त्याच कबरीत राजासोबत २१ तरुण स्त्रिया आणि मुली पुरलेल्या सापडल्या, हे त्या रीलमध्ये कधीच नसतं. ज्या समाजात राजाच्या मरणासोबत त्यांचा जीव घेतला गेला त्या समाजातलं भांडं दाखवून "बघा सगळे किती सुखात होते" म्हणणं मला तरी पटत नाही.

आता भांड्यात टाकायला बर्फ यायचा कुठून, तर खरी गोष्ट इथे आहे. हिवाळ्यात नद्या-तळी गोठली की बर्फ कापायचा, जमिनीखालच्या खड्ड्यात गवत वगैरे लावून साठवायचा आणि उन्हाळ्यात काढायचा. चीनच्या सगळ्यात जुन्या कवितासंग्रहात बर्फ कापण्याचा आणि साठवण्याचा उल्लेख आहे. झोऊ घराण्याच्या काळच्या (इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातल्या) राज्यव्यवस्थेवरच्या जुन्या ग्रंथात तर बर्फाचं स्वतंत्र खातंच सांगितलंय, अधिकारी, कारकून आणि ८० मजूर, आणि नियम असा की लागणार त्याच्या तिप्पट बर्फ भरायचा, कारण बाकीचा वितळून जाणार. शान्शी प्रांतात छिन राज्याच्या जुन्या राजधानीच्या जागी असा एक साठा खणून काढलाय, साधारण १९० घनमीटर मावेल एवढा.

हा बर्फ कुणाला मिळायचा तेही लिहून ठेवलंय. इसवी सनपूर्व ५३८ मधल्या एका दरबारी संभाषणाची नोंद आहे, त्यात सरळ सांगितलंय की डोंगरातली माणसं बर्फ काढतात, जिल्ह्याची माणसं पुढे पोचवतात, गाडीवाले आणून देतात, नोकर साठवतात, आणि वाटा मिळतो तो ज्यांना दरबाराकडून मांसाचा शिधा आहे त्या वर्गाला. म्हणजे राबणारे चार आणि खाणारा पाचवा. आणि वापर तरी कशासाठी, देवकार्याचा नैवेद्य, दरबारचं खाणंपिणं आणि मोठ्या घरातल्या मयतीचं प्रेत टिकवायला, खोली गार करणं ही फार नंतरची चैन.

पुढे दीड हजार वर्षांनी चित्र बदललं हे मात्र मान्य करायला हवं. सोंग काळात काइफंग शहरात भर उन्हाळ्यात रस्त्यावर निळ्या कापडी छत्र्या लावून, बाकडी मांडून गार सरबतं आणि बर्फातल्या गोड गोळ्या विकायचे, आणि एका वेशीबाहेरची दोन दुकानं तर इतकी नावाजलेली की तिथे चांदीच्या भांड्यातून द्यायचे. शहरातल्या पैसेवाल्या माणसाला बर्फ विकत मिळायला लागला होता. त्याच घराण्यातल्या सम्राट शियाओझोंगने तर आपल्या मंत्र्याला सांगितलंय की बर्फाचं पाणी जास्त प्यालो आणि एकदम जुलाब लागले, आणि हे अधिकृत इतिहासात नोंदलंय.

"२००० वर्षांपूर्वीचा एसी." यात दोन गोष्टी मिसळल्यात. पहिली हान काळातली, छांगआनचा (आजचं शीआन शहर) डिंग हुआन नावाचा कारागीर, त्याने सात मोठी चाकं जोडून पंखा बनवला आणि तो चालवला की अख्खा दिवाणखाना कुडकुडायचा असं लिहिलंय. पण त्याच वाक्यात "एक माणूस तो फिरवायचा" असंही आहे. तो एक माणूस मेसेजमध्ये नाही! पंख्याने हवा गार होत नाही, घाम वाळून आपल्याला गार वाटतं, आणि इथे त्या सगळ्यांना गार वाटावं म्हणून एक जण घाम गाळत होता.

दुसरी तांग काळातली, म्हणजे आठव्या शतकातली. सम्राट श्वानझोंगने गार महाल बांधायला घेतला, तेव्हा चेन झीजिए नावाच्या अधिकाऱ्याने खरमरीत अर्ज करून विरोध केला. सम्राटाने त्याला ऐन उकाड्यात त्याच महालात बोलावलं. सिंहासनामागे पाण्याच्या जोरावर फिरणारे पंखे, चारी कोपऱ्यांतून पडद्यासारखं पडणारं पाणी, बसायला दगडी आसन, आणि वर प्यायला बर्फाचा चुरा घातलेलं पेय. चेन थरथरायला लागला, पोटात गुडगुडायला लागलं, उठायची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली तेव्हा कुठे मिळाली, आणि सम्राट तेव्हाही स्वतःचा घामच पुसत होता. दारापर्यंत पोचेपर्यंत बिचाऱ्याचे कपडे खराब झाले. वर त्याला ऐकवलं की पुढच्या वेळी नीट विचार करून बोल, राज्याच्या धन्याशी स्वतःची बरोबरी करू नकोस. हा नंतरच्या संग्रहात आलेला किस्सा आहे, अक्षरशः असंच घडलं असेल असं धरायचं कारण नाही, पण त्या काळच्या वाचकांना यातला मुद्दा बरोब्बर कळत होता, की गार महाल म्हणजे राजाची उधळपट्टी आणि त्यावर बोललात तर अशी वाट लागते. ज्या गोष्टीवर त्या काळातच टीका झाली तीच आज सगळ्यांच्या सुखाचा पुरावा म्हणून फिरवतायत.

आणि तंत्र म्हणून बघाल तर हा एसी नाही, कूलरचा भाऊ आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेते, त्यासाठी हवा कोरडी लागते, म्हणूनच नागपूरला कूलर चालतो आणि मुंबईत तो नुसता चिकचिकाट करतो. यांगत्सेच्या खोऱ्यातल्या दमट उन्हाळ्यात हेच पाण्याचे पडदे निम्मंसुद्धा काम करणार नाहीत.

"सोऱ्यापासून बर्फ." यावर थोडं रसायनशास्त्र. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, हे खरं. पण पाणी जसं गार होतं तसा सोरा विरघळायचा कमी होतो, २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ३१-३२ ग्रॅम, शून्याजवळ जेमतेम १३. त्यामुळे उन्हाळ्यातलं ३० अंशांचं पाणी एका दमात १० अंशांच्या खाली नेणंही अवघड, बर्फ तर दूरच. टप्प्याटप्प्याने गार करत गेलात तरी सोऱ्याचं मिश्रण उणे ३ च्या खाली जात नाही. पाणी गार करायची ही युक्ती नीट मापासकट लिहिलेली आहे ती आपल्याकडे, अकबराच्या दरबारच्या नोंदींत: अडीच शेर सोरा, पाच शेर पाणी, त्यात एक शेर पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवायची. तिथेही "पाणी गार होतं" एवढंच म्हटलंय, आणि १५८६ मध्ये दरबार लाहोरला गेल्यावर बर्फ उत्तरेच्या डोंगरातून आणायला लागले असं पुढेच दिलंय. सोऱ्याने बर्फ होत असता तर डोंगरातून वाहून कशाला आणला असता?

मार्को पोलोचं थोडक्यात. त्याच्या प्रवासवर्णनात आइस्क्रीमचा उल्लेखच नाही. मंगोल लोक वाळवलेलं दूध पाण्यात कालवून प्यायचे हे आहे, ते आइस्क्रीम नव्हे.

"घरंच थंड असायची." हा दावा मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण यातलं बरंच आजही घेण्यासारखं आहे. हुइचौ भागातल्या घरांत मधोमध अरुंद, उंच भिंतींचा चौक असतो, ऊन खालपर्यंत फार वेळ येत नाही आणि गरम हवा वर निघून जाते. शान्शीच्या पिवळ्या मातीत खोदलेली गुहेसारखी घरं जाड मातीमुळे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार, आणि ती साध्या शेतकऱ्यांची होती. पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) उन्हाळ्यात अंगणावर चटयांचं छत घालायचे, हवं तेव्हा गुंडाळता येणारं. बांबूची चटई, चिनी मातीची उशी, रॅमीच्या धाग्याचं झिरझिरीत कापड, मुगाचं गार कढण, हातपंखा. (घडीचा पंखा मात्र मूळचा जपानी, चीनमध्ये तो सोंग काळात आला.) सामान्य माणसाचा खरा गारवा हा होता. पण त्याने उन्हाळा सुसह्य व्हायचा, नाहीसा नाही, आणि घरात बसायला मिळालं तरच.

कारण शेतात कोण होतं? बाय जुयी हा मोठा कवी इ.स. ८०७ मध्ये छांगआनजवळ तालुक्याचा छोटा अधिकारी होता. गहू कापणाऱ्यांवर त्याची कविता आहे, पाय तापलेल्या मातीच्या वाफेने शिजतायत, पाठ उन्हाने भाजतेय, अंगातलं बळ संपलंय तरी उकाड्याचं भान नाही, उलट उन्हाळ्याचा दिवस मोठा आहे तो वाया जाऊ नये हीच काळजी. कराच्या पायी शेत गेलेली एक बाई लेकराला कडेवर घेऊन सांडलेल्या लोंब्या वेचतेय, आणि कवी म्हणतो, मी शेतात न राबता पगार खातो याची मला लाज वाटते.

आता "कोणी मरायचं नाही". जुलै १७४३, पेकिंग. तिथे राहणाऱ्या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंकडे तापमापक होता, त्यांच्या नोंदींवरून २५ जुलैचं तापमान ४४.४ अंश निघतं. १४ ते २५ जुलै या दिवसांत शहर आणि आसपास मिळून ११,४०० माणसं गेली असं त्यांनी लिहिलंय. ज्या शहरात खुद्द राजवाड्याच्या आवारात बर्फाची तळघरं होती त्या शहरात हे झालं. सम्राट चिएनलुंगने खजिन्यातून १०,००० तैल (चांदी मोजायचं जुनं चिनी वजन) चांदी काढून नऊ वेशींवर लोकांना बर्फाचं पाणी आणि औषधं द्यायला लावली. उष्णतेने माणूस मरतो आणि त्याच्यापर्यंत गारवा पोचवावा लागतो, एवढं त्या दरबारालाही कळत होतं.

म्हणून ती "एसी बंद करा" ओळ मला धोकादायक वाटते. ४५ अंशांच्या चंद्रपुरात कुणाच्या तरी आजीला हा मेसेज जातो, आधीच तिला लाइट बिलाची काळजी, त्यात "पूर्वीची माणसं बघा" म्हणून ती कूलरही लावत नाही. ज्यांना हा मेसेज आवडलाय त्यांनी झंगच्या राजाच्या भांड्याचा फोटो जरूर पाठवा, हुइचौच्या चौकांचेही पाठवा, पण ती शेवटची ओळ काढून, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून दुपारी पंखा-कूलर चालू आहे ना, पाणी प्यालात ना, हे विचारा.