डिक, कर लेडीज: मैदानांचे दरवाजे कुणी लावले?

मुलींच्या फुटबॉलचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो. सोबत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जर्सी आणि टोप्या घातलेल्या मुलींचा जुना फोटो असतो. मजकूर साधारण असा: "पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले म्हणून इंग्लंडमधल्या मालकांनी कारखान्यातल्या मुलींना करमणुकीपुरतं फुटबॉल खेळायला लावलं. पुरुष परतले आणि प्रेक्षक आटले. मदतनिधीच्या पैशांत घोळ झाला, डॉक्टरांनीही धोका सांगितला. 1921 मध्ये फुटबॉल असोसिएशनने नियम केला आणि तो खेळ आपोआप विरला."

फोटोतल्या मुली प्रेस्टन शहरातल्या डिक, कर अँड कंपनीच्या कामगार. त्यांचा 'डिक, कर लेडीज' हा संघ कुठल्याही लीगमध्ये कधीच नव्हता, आणि तरी त्या काळात त्याच्याइतकी गर्दी खेचणारे संघ मोजकेच होते. म्हणून या मजकुराचं एकेक वाक्य तपासायला हवं.

"मालकांनी खेळायला लावलं." ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवणारा हा कारखाना युद्धात तोफगोळे बनवू लागला आणि बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या. मधल्या सुट्टीत त्या शिकाऊ पोरांबरोबर अंगणात चेंडू मारत. अ‍ॅलिस नॉरिस या खेळाडूने पुढे सांगितलेली आठवण मला फार आवडते: कपडे ठेवायच्या खोलीच्या छोट्या चौकोनी खिडक्यांवर नेम धरायचा, पोरं जिंकली तर त्यांना सिगारेटचं पाकीट, मुली जिंकल्या तर त्यांना चॉकलेट. ऑक्टोबर 1917 मध्ये पुरुषांचा संघ सारखा हरत होता, तेव्हा ग्रेस सिबर्ट आणि तिच्या मैत्रिणींनी "आम्ही तुमच्यापेक्षा बरं खेळू" म्हणून त्यांना आव्हान दिलं. सामने लावायचं काम कचेरीतल्या अल्फ्रेड फ्रँकलंडने अंगावर घेतलं. म्हणजे संघाला आकार यायच्या आधीच खेळ सुरू झालेला होता, तोही या मुलींच्या हौसेने.

"पुरुष परतले आणि प्रेक्षक आटले." इथे तारखा बघा. 1917 च्या नाताळच्या दिवशी प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबच्या डीपडेल मैदानावर पहिला मोठा सामना झाला. कुल्थर्ड फाउंड्रीच्या मुलींविरुद्ध 4-0 असा विजय, दहा हजार प्रेक्षक, आणि जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सहाशे पौंडांहून अधिक रक्कम. युद्ध संपलं नोव्हेंबर 1918 मध्ये. मेसेजचं खरं मानलं तर इथून गर्दी ओसरायला हवी होती. पण एप्रिल 1920 मध्ये अ‍ॅलिस मिलिया यांनी आणलेला फ्रेंच मुलींचा संघ डीपडेलवर उतरला, तेव्हा पंचवीस हजार लोक आले. त्याच डिसेंबरात याच मैदानावर रात्रीचा सामना झाला. उजेडासाठी लष्कराचे सर्चलाइट मागून आणले होते आणि चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता.

मग 26 डिसेंबर 1920, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क. समोर सेंट हेलेन्सच्या मुली. आत 53,000 माणसं, आणि हजारो लोक बाहेरच अडकलेले. हुकमी फॉरवर्ड फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकली. सामन्याच्या उत्तरार्धात कर्णधार अ‍ॅलिस केल बचाव सोडून पुढे आली आणि तिने एकटीने तीन गोल केले. निकाल 4-0. महिलांच्या क्लब-सामन्याला इतकी गर्दी पुन्हा जमायला मार्च 2019 उजाडावं लागलं, तेव्हा माद्रिदमध्ये अ‍ॅटलेटिको आणि बार्सिलोनाच्या सामन्याला साठ हजारांवर लोक आले. युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर 53,000 लोक येतात, त्याला आटणं म्हणत नाहीत.

"पैशांत घोळ झाला." या वाक्यावर मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण ते कष्टकरी मुलींच्या चारित्र्यावर चिखल उडवतं. 5 डिसेंबर 1921 च्या ठरावात फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, म्हटलं की फुटबॉल बायकांसाठी अगदी अयोग्य आहे, त्याला उत्तेजन देऊ नये. सोबत जोडलं की जमलेल्या पैशांतला फार मोठा वाटा खर्चात जातो. खर्च कसला? गुडिसनच्या एकाच सामन्यातून तीन हजार पौंडांवर रक्कम उभी राहिली होती. मुलींना मिळत होते दिवसाला जास्तीत जास्त दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. अ‍ॅलिस केलने तेव्हाच सरळ उत्तर दिलं होतं: आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या मुलींनी काम सोडून गावोगाव खेळायला जायचं आणि वर स्वतःच तोटा सोसायचा, हे अशक्य आहे, बुडालेल्या वेळेची भरपाई का मिळू नये? ज्यांनी रोजंदारी केली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्याच काळात पुरुषांच्या लीगमध्ये खेळाडूला आठवड्याला नऊ पौंडांपर्यंत पगार द्यायची रीतसर परवानगी होती. ते पैसे गेटवरच्या तिकिटांतूनच येत आणि त्याला कुणी घोळ म्हणत नसे.

शिवाय 1921 च्या वसंतात खाणमालकांनी कामगारांना कामाबाहेर काढलं, तेव्हा मुलींच्या संघांनी खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठी सामने खेळले. पैसा कुठे जातो यापेक्षा तो कुणाकडे जातो, हेच काहींना खुपलं असावं, असं माझं मत आहे.

डॉक्टरांचं म्हणाल, तर मतं दोन्ही बाजूंची होती. कपडे धुण्याच्या एका जड दिवसापेक्षा फुटबॉलमध्ये जास्त इजा होत नाही, असं एका डॉक्टर बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. तोफगोळ्यांच्या कारखान्यात याच बायका दिवसभर राबत होत्या, तेव्हा त्यांच्या तब्येतीसाठी असा ठराव कुणी केला नव्हता.

आता "आपोआप विरला". ठरावाने खेळावर थेट बंदी घातली नाही, संलग्न क्लबांनी आपली मैदानं मुलींना देऊ नयेत असं सांगितलं. पण स्टँड, फाटक, तिकीटखिडकी, सगळं त्याच क्लबांकडे होतं. मैदान गेलं की गेटचं उत्पन्न गेलं, आणि हजारोंची गर्दी मावेल अशी जागाही गेली. तरीही 1922 मध्ये या मुली अमेरिकेला गेल्या. कॅनडाने खेळू दिलं नाही, तेव्हा अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी खेळून त्यांतले काही सामने त्यांनी जिंकले. 1926 मध्ये कंपनीशी संबंध तुटला तेव्हा प्रेस्टन लेडीज हे नाव घेतलं आणि खेळत राहिल्या. चौदा-पंधराव्या वर्षी आलेली लिली पार व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी सांभाळून 1950 च्या सुमारापर्यंत खेळली. 2002 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयाच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळालेली ती पहिली स्त्री. तिला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

आठशेंहून अधिक सामने खेळून संघ थांबला 1965 मध्ये, पुरेशा खेळाडू मिळेनात म्हणून. 1921 चा ठराव त्या दिवशीही लागू होता.