हिरड्यांचा सौदा

सांगलीत हिरडीतून रक्त आलं की पहिला इलाज हळदीचा. हळदीच्या पेठेत राहून दुसरं काय सुचणार? शेजारच्या काकूंनी मीठ-हळद तेलात कालवून चोळायला सांगितली. मित्र म्हणाला, भडंग बंद कर. शेंगदाण्याचं साल फटीत अडकतं हे खरं, पण म्हणून का कुणी भडंग सोडतं?

आत्या मात्र ठाम होती. "दवाखान्यात जाऊ नगंस. दात साफ करून देत्यात आन् मग ते हलाय लागत्यात."

गेलो. विश्रामबागेतल्या डॉक्टरबाई बारीक खुणांची सळई दात आणि हिरडीच्या मधे घालून आकडे सांगू लागल्या, मदतनीस मुलगी लिहून घेऊ लागली. "तीन, दोन, तीन, पाच... सहा." यार्डातल्या सौद्यासारखा आकडा चढत होता, फक्त इथे चढला म्हणून कुणी खूश होत नव्हतं. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे हिरडी दाताची साथ सोडायला लागली असं समजायचं.

मग कीटण काढणं. त्या यंत्राचा आवाज थेट मेंदूत शिरतो. मधेच एक पिवळट-काळा खडा ट्रेमध्ये टक्कन पडला. हा माझ्या तोंडातला? दातांवरचा चिकट थर रोजच्या रोज ब्रशनं निघतो. राहिला तर लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो, मग ब्रश कितीही रगडा. उलट रगडल्यानं हिरडीच मागे सरते. मऊ ब्रश, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, आणि फटींसाठी दोरा. नुसती सूज असेल तर उतरते, पण आतलं हाड एकदा झिजलं की आपसूक भरून येत नाही.

भीत भीत आत्याची शंका विचारली. बाई म्हणाल्या, "साफ केल्यानं दात हलत नाहीत. आधीच सैल झालेला दात कीटणाच्या आधारानं उभा असतो, एवढंच."

घरी येऊन हे सांगितलं, तर आत्या मशेरीची डबी उघडत म्हणाली, "माझ्या हिरडीतनं कधी थेंबभर रगात न्हाई आलं."

तेही विचारून आलो होतो. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत बिघाड असला तरी रक्त दिसेलच असं नाही. त्यात आत्याला साखर. म्हणजे हिरड्यांना धोका जास्त, आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात ठेवणं अवघड जातं. साखरेचं नाव काढल्यावर आत्या जरा नरमली.

"येते उद्या. पण सकाळची मशेरी लावून मगच निघू. डाक्टरीणबाईफुडं पारोशा तोंडानं कसं जायाचं?"