हद्दीवरचा कॉलम आणि ‘दोन सळया जास्त’

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: “कॉलम शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आला तर फूटिंगच्या कडेवरच उभा करा, जाळीत दोन सळया जास्त टाका, प्लिंथ बीमने बांधून घ्या. फूटिंग थोडं पलीकडे गेलं तरी मातीखाली कोण बघतंय!” स्ट्रक्चरल डिझाइन हे माझं रोजचं काम आहे, आणि हा सल्ला वाचून लोक खड्डे खणतात याची मला काळजी वाटते.

फूटिंग म्हणजे कॉलमखाली जमिनीत घातलेला काँक्रीटचा रुंद पाया, जाळी म्हणजे त्यातल्या सळयांची, आणि प्लिंथ बीम म्हणजे जोत्याच्या पातळीवर कॉलम जोडणारा बीम. आधी सळयांचं बघू. दीड मीटर चौरस फूटिंग, ९ इंची कॉलम, वर ४० टन भार. कॉलम मधोमध असेल तर जमिनीवर चौरस मीटरला सुमारे १८ टन दाब सारखा पसरतो. २० टन घेणारा मुरूम तो सहज पेलतो. कॉलम कडेला नेला की भार मध्यापासून ६३.५ सेंमी सरकतो. सगळा तळ टेकून राहायचा तर ही सरक लांबीच्या सहाव्या भागात, म्हणजे २५ सेंमीच्या आत हवी. इथे हिशेबाने जेमतेम ३५ सेंमीची पट्टी टेकते आणि कडेचा दाब १५० टनांवर जातो. सळई काँक्रीटला बळ देते, मुरमाला नाही. फूटिंग हद्दीकडे कलणारच.

“कॉलम फूटिंगला धरून ठेवेल की!” असंही म्हणतात. त्यासाठी कॉलमला अरुंद बाजूने २५ टन-मीटर वाकण सोसावं लागेल. ९ इंचात ते बसत नाही.

प्लिंथ बीम तर फूटिंगच्या बराच वर असतो आणि तो भिंतीसाठी असतो. इथे हवा फूटिंगला कलू न देणारा स्ट्रॅप बीम: जाडजूड, फूटिंगच्या पातळीवर, आतल्या कॉलमच्या फूटिंगला जोडलेला, आणि त्याच्याखालची माती सैल ठेवलेली. आतला कॉलम ४ मीटरवर असेल तर कडेच्या फूटिंगवर ४० ऐवजी साडेसत्तेचाळीस टन येतात, म्हणून तेही मोठं करावं लागतं, तेही हद्दीच्या समांतर वाढवून. या बीमची मुख्य सळई वर असते. एका साइटवर जाड सळया खाली आणि वर नुसत्या दोन १२ एमएम बांधलेल्या पाहिल्या. सळया बांधणारा फिटर म्हणाला, “साहेब, बीमला ताण खालीच ना?” घरातल्या बीमच्या मध्यावर त्याचं खरं आहे, इथे उलटं. काँक्रीट यायच्या आधी अख्खा सांगाडा उलटा करून घेतला.

“आमचं असंच बांधलंय, उभं आहे.” असेल. एका मजल्याचा भार कमी असतो, शिवाय जमिनीच्या भारक्षमतेत अडीच-तीन पट राखीव धरलेली असते. वर मजला चढवला की ती राखीव संपते.

शेजारच्या जागेत फूटिंग घालणं हे मातीखालचं असलं तरी अतिक्रमणच. उद्या त्याने आपला पाया खणला की तुमच्या घराचा आधार त्याच्या खड्ड्यात उघडा पडतो.

आतला कॉलम जवळ असेल तर दोघांना मिळून एकच कंबाइन्ड फूटिंग घ्या. नकाशा अजून कागदावर असेल तर इंजिनीयरला विचारून कॉलमच मीटरभर आत घ्या आणि वरचे बीम कँटिलिव्हर, म्हणजे कॉलमच्या पुढे एका टोकाला मोकळे, काढा.