युरोपचा अर्धाच दाखला देऊ नका

"हवामान खात्याचे आकडे खुले केले तर परदेशी कंपन्या ते उचलून आपल्यालाच विकतील. युरोपात डेटाबेसला कायद्याचं कवच आहे, मग आपल्याकडे का नको?" पुण्यातल्या जुन्या मित्रांचा हा वाद आठवडाभर वाचतोय आणि चिडतोय. युरोपचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या.

कायदा आहे, १९९६चा. माहिती गोळा करायला, तपासायला मोठा खर्च केला असेल, तर ती पंधरा वर्षं दुसऱ्याला घाऊक उचलता येत नाही. पण २००४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या खटल्यात लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की माहिती मुळात निर्माण करण्याचा खर्च यात धरायचा नाही. या हक्कामुळे डेटाबेसची निर्मिती वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही, हे २००५ मध्ये युरोपीय आयोगानेच मान्य केलं. आणि युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशानुसार सरकारी संस्थांना हा हक्क पुढे करून माहितीचा पुनर्वापर अडवता येत नाही. मी राहतो त्या जर्मनीत, ऑफेनबाखच्या राष्ट्रीय हवामान खात्याचे आकडे तर २०१७च्या कायद्यानेच खुले झाले. सकाळी सायकल काढायची की एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडायची, हे आम्ही त्यांचं रडार बघून ठरवतो.

खासगी माणसाच्या मेहनतीला संरक्षण जरूर द्या. पण करदात्याच्या पैशाने मोजलेल्या पावसावर मालकी कसली?

माझा भाऊ रत्नागिरीला आंब्याची बाग सांभाळतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई झाड बघून मिळत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने नोंदवलेल्या आकड्यांवर ठरते. उन्हाने कैऱ्यांचा सडा पडला तरी केंद्राचा पारा ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिला, की विषय संपला. त्या केंद्राचा रोजचा आकडा, मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी, यंत्र नेमकं कुठे बसवलंय, हे सगळं त्याला घरबसल्या, फुकट दिसलं पाहिजे.

"तू कर तिकडे भरतोस, तुला काय त्याचं?" असं एकाने विचारलं. लागलं मला ते. जूनमध्ये ऑफिसात बसून मी आधी रत्नागिरीचा पाऊस बघतो, मग इथला. आपल्याच हवामान खात्याचं पुणे कार्यालय १९०१ पासूनचा देशभरचा पाऊस, अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकटींत मांडून, संकेतस्थळावर देतं. मी तो उतरवून घेतला आणि भावाच्या गावावरची चौकट शोधून काढली. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, तू राहतोस कुठे.