मेम्ब्रेनच्या आधीची चाळणी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामेभावाचं डाइंग, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना आहे. परवा फोनवर म्हणाला, "दादा, तुमच्या जर्मनीतलं ते मेम्ब्रेन इथं बसवलं की सगळा वाद मिटला बघ." वाद घराघरातला आहे. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरवरून आणायचं, नळाला काही दिवसांआड सोडायचं आणि वापरलेलं वाहून जाऊ द्यायचं; त्यापेक्षा तेच शुद्ध करून टॉवेल-चादरींच्या कारखान्यांना का देऊ नये? घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, एमबीआर आणा. दुसरा म्हणतो, ही श्रीमंत देशांची थेरं, आपल्याला झेपायची नाहीत. मी जर्मनीत अशाच प्रकल्पावर नोकरी करतो, आणि मला दोन्ही पटत नाही.

एमबीआर म्हणजे मेम्ब्रेन बायोरिॲक्टर: सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या टाकीत बुडवलेली, शेवयांसारख्या पोकळ तंतूंची जुडगी. हे तंतू म्हणजेच मेम्ब्रेन. छिद्रं 0.04 मायक्रॉनच्या आसपास. पाणी आत ओढलं जातं, जिवाणू बाहेरच अडतात. निवळायची टाकी लागत नाही, म्हणून लिटरमागे 8 ते 12 ग्रॅम जिवाणूंचा गाळ ठेवता येतो, नेहमीच्या पद्धतीच्या दुप्पट-तिप्पट.

नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही एक जुडगं क्रेननं वर काढलं. तंतू दिसतच नव्हते. केस आणि कपड्यांचे धागे पिळून त्यांची वेणी झाली होती, आत काळा गाळ घट्ट बसलेला. तिघांनी दोन दिवस हातानं सोडवलं. मेम्ब्रेनच्या आधी बसवलेली चाळणी 3 मिलिमीटरची होती. 1 मिलिमीटरची बसवल्यावर वेण्या कमी झाल्या. त्या दिवशी मला सोलापूरच आठवलं. जिथं टॉवेल धुतले जातात तिथल्या पाण्यात रुई किती असेल!

ऊन मात्र आपल्या बाजूनं आहे. 10 अंशांच्या पाण्यापेक्षा 30 अंशांचं पाणी पातळ, तेवढ्याच दाबात दीडपट निघतं. पण गरम पाण्यात जिवाणूंना लागणारा प्राणवायू कमी विरघळतो, त्यात गाळ दाट. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला विश्रांती नाही. मेम्ब्रेन खरवडत राहणारी हवाही त्याच विजेवर. बिल वाचवायला हवा बंद ठेवून पाणी ओढत राहिलं, तर गाळ थापला जातो, दाब चढतो, आणि मग हायपोक्लोराइट, सायट्रिक ॲसिड कितीही ओता, मेम्ब्रेन पूर्वीसारखं होत नाही. परवडत नाही म्हणणाऱ्यांनी खरेदीपेक्षा या रोजच्या खर्चाचा हिशेब मागावा. टेंडरमध्ये तो दहा वर्षांचा लिहिलेला नसेल, तर माझाही विरोध आहे.

आणि रंग पक्का करायला घातलेलं मीठ एमबीआर अडवत नाही. ते पाणी पुन्हा रंगाईला हवं असेल तर पुढं मीठ अडवणारं आरओ लागेल. हे ऐकून मामेभाऊ जरा गप्प झाला.

मी त्याला एक काम सांगितलंय. आठवडाभर रोज शंभर लिटर सांडपाणी 1 मिलिमीटरच्या जाळीतून ओत, वर उरेल ती रुई वाळव आणि वजन करून मला कळव.