वाईच्या शास्त्रीबुवांना ‘आयात माल’ म्हणण्याआधी

घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. मानवतावाद, म्हणजे देवाऐवजी माणसाला मध्यभागी ठेवून बरं-वाईट ठरवणं, हे पाश्चात्त्य खूळ. देवाचा धाक गेला की माणूस मोकाट सुटतो. देव न मानणाऱ्या स्टालिन-माओंनी काय केलं ते आठवा. म्हणून शाळेत धर्म शिकवा, नाहीतर मुलं बिघडतील. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. मला तो काकांकडून आला. काकांना तोंडावर उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ते ‘पाश्चात्त्य’ बघू. लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, म्हणजे संस्कृत शास्त्रांच्या पाठशाळेत घडले, ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळवली. अस्पृश्यतेच्या वादात ते गांधीजींच्या बाजूने उभे राहिले, तेही शास्त्रग्रंथ उघडून. १९३३ साली पुण्यात गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची (चक्रवर्ती राजगोपालाचारींची) कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचं पौरोहित्य याच शास्त्रीबुवांनी केलं. पुढे हेच गृहस्थ क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाकडे (व्यक्तीचं स्वातंत्र्य सर्वांत वर मानणाऱ्या विचाराकडे) वळले, आणि उतारवयात वाईत बसून मराठी विश्वकोशाचं काम बघत राहिले. परक्या विचारांना भुलले म्हणायचं, तर आपलं त्यांच्या निम्म्याने तरी वाचन हवं.

आणि ते वाचायला बसलं की वेगळीच पंचाईत होते. वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता म्हणून ईश्वर नाकारला. जैनांकडे सृष्टिकर्ता नाही. बुद्धाच्या पंचशीलात देवाचं नावही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी ‘चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही’ अशी शपथ घेतली, ती कुठल्या देवाच्या धाकाने?

धाकाचा मुद्दा तसा इथेच संपतो, पण समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर राहून जायला नकोत. मोठ्या पगाराची स्वप्नं बघू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार, असं त्यांनी आईला कळवलं होतं. देवाधर्माची चिकित्सा करणारा हा माणूस १८८८पासून ‘सुधारक’ हे पत्र चालवत राहिला. पुण्याने जिवंतपणीच त्यांच्या प्रतिमेची अंत्ययात्रा काढली. दम्याने बेजार होते, चाळिशीही गाठली नाही. वर स्वर्ग नाही, खाली टाळ्या नाहीत, तरी लिहायचं सोडलं नाही. उलट देवाचा धाक असलेले आपण सगळे रोज बघतोच: टेबलाखालून घेतलेल्या पैशातला वाटा दानपेटीत टाकला की हिशेब चुकता.

स्टालिनबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे, ते झटकून टाकू नये. फक्त देव नाकारला म्हणजे माणूस मानला असं होत नाही. हे रॉय यांना आतून माहीत होतं. एकेकाळी ते आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट चळवळीतले मोठे नेते. १९२९ साली तिथून बाहेर काढले गेले. १९४६ला त्यांनी बावीस सूत्रं मांडली. त्यांचा गाभा हा, की राष्ट्र किंवा वर्ग यांच्या नावाने व्यक्तीला चिरडायचं नाही. दोन वर्षांनी त्यांनी चक्क स्वतःचा पक्षच विसर्जित केला. पक्ष काढणारे आपल्याकडे पुष्कळ, मोडणारा दाखवा. याच परंपरेतले सासवडचे वि. म. तारकुंडे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ जयप्रकाश नारायणांसोबत नागरी हक्कांसाठी उभे राहिले, तेव्हा समोर सरकार होतं, देव नव्हे.

शाळेबद्दल थोडक्यात. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाचं अनुच्छेद २८ सांगतं. धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. ते खुशाल द्यावं, सगळ्यांची द्यावी. आणि १९७६च्या दुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाशेजारी मानवतावाद हा शब्द छापलेला आहे. तोही पाश्चात्त्य म्हणायचा का?

काकांचा एक टोमणा मात्र मला लागला. मजकुरात तो नव्हता, खाली त्यांनीच टाकला होता: ‘तुमच्यात माणूस गेला की काय करता?’ तुमच्यात म्हणजे आम्हा देव न मानणाऱ्यांत. देहदानाचा अर्ज भरून ठेवतो, हे झालं. पण धर्म पाळणाऱ्यांच्या घरी नंतर बारा-तेरा दिवस नातेवाईक येत राहतात, कोणीतरी स्वयंपाक बघतं, कोणाच्या तरी हाताला काम मिळतं, रडायला वेळ ठरलेली असते. आमच्याकडे शोकसभा होते, दीड तासात उरकते, आणि संध्याकाळी त्या घरात एकटीच बाई उरते.