प्रेम कमी पडलं म्हणून डिमेन्शिया होत नाही

तो फॉरवर्ड आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परत फिरतोय, तुम्हालाही आला असणार. "एकत्र कुटुंबात डिमेन्शिया होत नाही, सुनेनं माया दिली तर सासूला विसर पडतच नाही." पुढे रोज दोन चमचे खोबरेल, पेशंटचं बोलण्यात काही चुकलं की लगेच सुधारा, आणि इंग्रजी गोळ्या बंद. ह्यावेळी कोणीतरी तो फोंड्याच्या वहिनीला टॅग करून टाकला. डिमेन्शिया झालेल्या काकीचं सगळं ती एकटी करते, अंघोळ, भरवणं, मध्यरात्री कडी काढून बाहेर निघालेल्या काकीला समजावून परत आणणं. आणि खाली अंगठ्यांची रांग! म्हणून लिहितेय.

आधी माया. अल्झायमर, जो डिमेन्शियात सगळ्यात जास्त दिसतो, तो मेंदूचा आजार आहे. अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिनं साचत जातात, पेशी मरतात, आणि हे सगळं लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असतं, कदाचित सून घरात यायच्याही आधी. मग तिचा काय संबंध? हा समज जुनाच आहे म्हणा. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मानसोपचारतज्ज्ञांचा गोव्यातलाच अभ्यास 2001 साली छापून आला, त्यातही लोक हेच सांगत होते की मुलांनी लक्ष दिलं नाही, प्रेम दिलं नाही म्हणून असं होतं. त्याच अभ्यासात असंही निघालं की म्हाताऱ्यांना सांभाळणं बऱ्याचदा घर-जमीन आपल्याला मिळेल ह्या आशेवर चालतं. हा भाग मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

बरं, एकटेपणाचं थोडं खरं आहे, मान्य. लॅन्सेट कमिशननं, म्हणजे लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटानं, 2024 साली जी 14 कारणं धोका वाढवणारी म्हणून दिली त्यात माणसांपासून तुटणं आहे. पण बहिरेपणा, बीपी, डायबिटीस, सिगारेट हेही आहे, आणि चौदाच्या चौदा काढून टाकली तरी साधारण 45 टक्केच केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज. बाकीच्यांचं काय, त्यांच्या सुना वाईट? आणि घरात दहा माणसं असून म्हातारीशी कोणी बोलतच नसेल तर ती दहा असून काय उपयोग.

खरा फरक कशानं पडतो ते गोव्यातच तपासून झालंय. अमित डायस आणि सहकाऱ्यांची ट्रायल, 2008 मध्ये छापली, 81 कुटुंबं. अर्ध्या घरांत प्रशिक्षण दिलेली इथलीच साधी माणसं सहा महिने नियमित जात होती, आजार समजावून सांगायची, विचित्र वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवायची, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायची. सांभाळणाऱ्यांची मानसिक तब्येत सुधारली, त्रास कमी झाला. रुग्णाच्या रोजच्या कामांत ठळक फरक पडला नाही, तेही त्यांनी सरळ लिहिलंय. म्हणजे मदत वहिनीला पाहिजे, उपदेश नको. टॅग करणाऱ्यांनी चवथीला नेवऱ्या खायला याल तेव्हा दोन दिवस काकीजवळ बसा, वहिनीला माहेरी सावंतवाडीला जाऊन झोपू दे, काकीच्या औषधांच्या वेळा मी लिहून देते.

"चुकलं की सुधारा" हे तर क्रूर आहे. काकी संध्याकाळ झाली की विचारते, हे अजून आले नाहीत? काका जाऊन बरीच वर्षं झाली. खरं सांगितलं की ती तेव्हाच कळल्यासारखी रडते, आणि थोड्या वेळानं परत तोच प्रश्न. वहिनी म्हणते, येतील, तोवर चहा घ्या. ह्यात खोटेपणा दिसत असेल त्यानं एक संध्याकाळ तिथं काढून बघावी.

खोबरेलानं डिमेन्शिया गेला असता तर गोव्यात आणि केरळात एकही पेशंट सापडला नसता. वर चमच्यांनी पिऊन एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं तर तेही त्या चौदात आहे.

गोळ्यांनी आजार बरा होत नाही हे खरं, काहींना थोडे दिवस बरं पडतं एवढंच, पण परस्पर बंद करू नका. आणि नवीनच विसरायला लागलं असेल तर आधी बी-12 आणि थायरॉइड तपासा, त्यानं झालेला विसर औषधानं सुधारू शकतो.